विचारा की भो! – जग कापणारे दोघं, नासपातीचा राजा अन् बाकी टिंगल

गेल्या महिन्याच्या अंकात मी बोलता बोलता लिहून गेलो की आमच्या अमळनेरच्या छापखान्यात ट्रेडल मशीनवर मी एकदा एका निवडणुकीचं टिंगलचित्र छापलं होतं अन् त्याचे पैसे आजपर्यंत मिळाले नाहीत. झालं, लोकांना पैशाचं काहीच नाही, सगळ्यांना चित्राचंच पडलं. इतकी पत्रं आली की या वेळचा पूर्ण कॉलम त्यालाच देतोय. चित्रकार नाही मी, आधीच सांगतो, खिळे म्हणजे छपाईची धातूची अक्षरं जुळवणारा माणूस. पण छापणाऱ्याला काही गोष्टी दिसतात ज्या काढणाऱ्याला दिसत नाहीत.

प्रश्न : धुळ्याच्या एका वाचकांनी फोटो पाठवलाय. आजोबांच्या ट्रंकेत फ्रेम केलेलं एक रंगीत चित्र निघालं. टेबलाशी दोन माणसं, एक उंच काटकुळा, दुसरा बुटका अन् टोपीला पिसं, मधे ताटात पृथ्वीचा गोळा अन् दोघं तो सुरीने कापून राह्यले. खाली बारीक इंग्रजी अक्षरं. लिहितात, "हाई काय शे भाऊ? अन् इकी टाकं तर किती येतीन?"

उत्तर : हाई जेम्स गिलरे शे! लंडनचा माणूस, १७५६ ते १८१५. अन् हे त्याचं बहुधा सगळ्यात गाजलेलं चित्र. २६ फेब्रुवारी १८०५ ची तारीख आहे त्यावर. उंच काटकुळा तो इंग्लंडचा पंतप्रधान विल्यम पिट, बुटका तो नेपोलियन. ताटातला गोळा म्हणजे प्लम पुडिंग, इंग्रजांचं नाताळचं पक्वान्न, तेच इथे पृथ्वी झालंय. आता नीट बघा. पिटच्या हातातला काटा साधा नाही, त्रिशूळासारखा आहे अन् तो समुद्रात खुपसलाय, कारण समुद्रावर राज्य आरमाराचं म्हणजे इंग्लंडचं. अन् नेपोलियन खुर्चीवरून अर्धा उठून तलवारीने युरोपाची फोड काढतोय, हात पुरत नाही म्हणून. त्या वर्षी जानेवारीतच नेपोलियनने इंग्लंडच्या राजाला तह करू असं पत्र पाठवलेलं, त्यावर गिलरेने हे असं उत्तर दिलं, की तह कसला, दोघं मिळून कलिंगड कापून राह्यले. पुढे ऑक्टोबरात ट्रफाल्गरची लढाई झाली अन् समुद्र खरंच पिटच्या बाजूला गेला. म्हणजे चित्र आधी, लढाई नंतर.

आता विकायचं. घाई करू नका, आधी सराफाकडे जा, सोनं विकायला नाही, त्याचं भिंग उसनं घ्यायला. भिंगातून चेहऱ्याचा भाग बघा. बारीक बारीक ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे, तर ते मागाहून पुस्तकात छापलेलं पान आहे, कुणीतरी कापून फ्रेम केलंय, छान आहे, भिंतीला लावा. ठिपके नसले अन् नुसत्या रेघा असल्या तर पुढची पायरी. चित्राच्या चारी बाजूंनी कागदावर चौकोनी दाब दिसतो का, बोटाला हलकी पायरी लागते का ते बघा. तो तांब्याच्या पत्र्याचा दाब असतो. मग फ्रेममधून हलक्या हाताने काढून पाठ बघा. पाठीवर दुसरंच चित्र छापलेलं असेल तर ते बहुतेक १८५० च्या आसपास बोन नावाच्या प्रकाशकाने गिलरेचे जुने पत्रे परत चालवून दोन्ही बाजूंनी छापलं त्यातलं. गिलरे तोवर जाऊन पस्तीस वर्षं झालेली. त्या आवृत्तीत रंग नव्हते, तुमच्या चित्रात रंग आहेत, तर कुणी नंतर भरलेत की काय तेही बघावं लागेल. आकडा मी सांगणार नाही, फोटोवरून किंमत सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. एवढं मात्र ऐका, ओल्या फडक्याने पुसू नका अन् पाठीला सेलोटेप लावू नका. आमच्याकडे एकाने आजोबांची सनद सेलोटेपने 'वाचवली' होती, आता सनद कमी अन् पिवळा पट्टा जास्त दिसतो.

आता मुद्दा दाबाचा निघालाच आहे तर छापणाऱ्याचं थोडं ऐकून घ्या, पुढच्या सगळ्या उत्तरांना लागेल. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, त्यावर सुईने चित्र खरवडायचं, मग पत्रा अ‍ॅसिडात सोडायचा. जिथे मेण निघालं तिथे अ‍ॅसिड तांबं खातं, खाच पडते. मेण काढून खाचेत शाई भरायची, वरची शाई हाताने पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून रुळाखालून जोरात दाबायचं, कागद खाचेतली शाई ओढून घेतो. म्हणजे शाई खड्ड्यात. अन् आमचे खिळे कसे? शाई उंचवट्यावर. दोघांची मशीन वेगळी, दाब वेगळा. त्यामुळे पत्र्यावरचं चित्र अन् खिळ्यांचा मजकूर एका दमात एका कागदावर छापताच यायचा नाही! म्हणून त्या काळची टिंगलचित्रं वर्तमानपत्रात नव्हती, सुटी पानं होती, चित्रांच्या दुकानात विकत मिळायची, रंग हाताने भरलेले, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रतीत एकाचा कोट लाल अन् दुसऱ्याचा जरा विटकरी. विकत घेणारे पैसेवाले. बाकी लोक दुकानाच्या काचेला नाक लावून फुकट बघणारे, अन् ही फुकट्यांची गर्दीच दुकानाची खरी जाहिरात होती.

प्रश्न : नंदुरबारहून कॉलेजातली एक वाचक विचारते, या सगळ्या कथेत बायका कुठेच नाहीत का, की चित्रात मार खायलाच फक्त?

उत्तर : आहेत, अन् गल्ल्यावर आहेत. गिलरेची चित्रं विकायची हॅना हम्फ्री नावाची बाई. लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ नंबरला तिचं दुकान, अन् गिलरे त्याच दुकानाच्या वर राहायचा, शेवटपर्यंत. शेवटी त्याची नजर अधू झाली, डोकंही ठिकाणावर राहिलं नाही, तेव्हा त्याला सांभाळलं ते याच बाईने. कुठलं चित्र काचेत लावायचं, किती प्रती काढायच्या हे दुकान ठरवणार, म्हणजे जवळजवळ संपादकच म्हणा ना.

तिच्या आधी मेरी डार्ली. ती अन् तिचा नवरा मॅथ्यू, दोघांचं दुकान, पण मेरी स्वतः पत्रे कोरायची, अन् १७६२ च्या सुमारास तिने अर्कचित्रं कशी काढायची याचं छोटं पुस्तकच काढलं, हौशी लोकांसाठी. बडे घरचे लोक स्वतः वेडीवाकडी चित्रं काढून आणायचे अन् डार्लीबाई ती छापून विकायच्या. परदेशाहून फॅशन शिकून आलेल्या, डोक्यावर केसांचे हातभर उंच टोप चढवणाऱ्या पोरांना तेव्हा 'मॅकरोनी' म्हणायचे, त्या मॅकरोन्यांच्या टिंगलीवर यांचं दुकान चाललं. पुण्याहून पहिल्यांदा गॉगल लावून गावात आलेल्या पोराची पारावर काय गत होते, तेच समजा.

प्रश्न : शिरपूरचा आठवीतला विद्यार्थी : नेपोलियन खरंच बुटका होता का? आमच्या वर्गात यावरून पैज लागलीये.

उत्तर : नव्हता. त्याची उंची ५ फूट २ इंच लिहिलेली सापडते पण ते फ्रेंच फूट-इंच, इंग्रजांपेक्षा मोठे. आपल्या हिशोबाने साधारण १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट, त्या काळच्या फ्रेंच माणसाला चारचौघांसारखी. बुटका केला तो मुख्यतः गिलरेने, 'लिटल बोनी' नाव देऊन, पायापेक्षा मोठे बूट अन् डोक्यापेक्षा मोठी टोपी घालून. चित्र दोनशे वर्षं टिकलं, फूटपट्टी कुणी काढली नाही. पैजेची शेवभाजी मला पाठवायला हरकत नाही.

प्रश्न : चाळीसगावहून एक निवृत्त चित्रकला शिक्षक : अर्कचित्र, व्यंगचित्र, कार्टून हे सगळं एकच धरतात हल्ली. तुम्ही तरी फरक सांगा.

उत्तर : सर, तुम्ही विचारणं म्हणजे परीक्षाच. अर्कचित्र हा शब्द मला फार आवडतो. भट्टीवर अर्क काढतात ना, तसा माणसाचा अर्क, नाक मोठं तर नाकच, भुवया तर भुवयाच. युरोपातला मूळ शब्द इटालियन, त्याचा अर्थ मात्र लादणं, गाडीत माल भरतात तसं भरणं. म्हणजे ते चेहऱ्यावर लादतात अन् आपण चेहऱ्यातून काढतो, एकच काम दोन्हीकडून. इटलीत बोलोन्याचा अन्नीबाले कराच्ची, सोळावं शतक संपता संपता, देवादिकांची मोठमोठी चित्रं करून दमला की मित्रांची अशी चित्रं काढायचा, त्याचं नाव या प्रकाराला चिकटलंय.

कार्टूनची गंमत वेगळी. कार्टून म्हणजे मुळात जाड कागद, भिंतीवर चित्र काढायच्या आधी त्याच मापाचा कच्चा नमुना ज्यावर करतात तो. १८४३ मधे लंडनला नव्या पार्लमेंटच्या भिंतींसाठी अशा नमुन्यांचं प्रदर्शन भरलं. 'पंच' नावाच्या साप्ताहिकाने म्हटलं, लोक उपाशी मरून राह्यले अन् सरकार भिंती रंगवतंय, घ्या आमचंही कार्टून, अन् जॉन लीच या चित्रकाराचं एक चित्र छापलं, त्यात चिंध्यातली माणसं बड्या लोकांच्या तसबिरी बघताहेत. तेव्हापासून टिंगलचित्राला कार्टून म्हणायला लागले. शब्दच मुळात टोमणा आहे. व्यंगचित्र म्हणाल तर त्यात प्रसंग लागतो, काहीतरी घडत असतं. अर्कचित्राला चेहरा पुरतो.

पण सर, तुम्ही अजिंठ्याला पोरांच्या सहली नेल्या असतीलच, तर १७ नंबरचं लेणं आठवा. विश्वंतर जातक आहे त्यात, दानशूर राजपुत्राची गोष्ट, अन् त्याची पोरं दान म्हणून मागून नेणारा तो लोभी जुजक. बाकी सगळे चेहरे कसे शांत, सुंदर, डोळे कमळासारखे, अन् जुजक बघा, दात पडलेले, दाढी बोकडासारखी, पैसे घेतानाचं ते हसू! पाचव्या शतकातलं काम आहे हे. त्याला अर्कचित्र म्हणायचं का यावर विद्वान भांडतील. मला एवढंच कळतं की ज्याने ते तोंड रंगवलं त्याने तसला माणूस बाजारात नक्की पाहिला होता. पण भिंतीवर आहे, छापलेलं नाही, बघायला तिथवर जावं लागतं. जाता जाता, याच अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो रॉबर्ट गिल, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे, १८७९ ची. किती जणांनी पाहिलीये?

प्रश्न : पाचोऱ्याचे एक वकील : फ्रान्समधे राजाला नासपाती म्हटलं म्हणून खटला झाला असं वाचनात आलं. खरं आहे? अन् आरोपीचा बचाव काय होता?

उत्तर : वकीलसाहेब, बचाव ऐकून तुम्हाला मजा येईल. त्याआधी दगडाची ओळख करून घ्या.

१७९० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत आलोइस सेनेफेल्डर नावाच्या माणसाने शोध लावला की एका जातीच्या गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढा, दगड पाण्याने ओला करा, मग तेलकट शाईचा रूळ फिरवा. ओल्या दगडावर शाई बसत नाही, तेलकट रेघेवर बसते. कागद दाबला की झालं. तव्याला तेल लागलं असलं की पाणी कसं पळतं ते रोज बघतो आपण, त्याच्यावर अख्खा धंदा उभा राहिला. हाच तो शिळाछाप. आपल्याकडे पुण्याची चित्रशाळा १८७८ ची अन् पुढे रविवर्म्याचा छापखाना, सगळे देव याच दगडावरून आपल्या देवघरात आले. चित्रकाराच्या दृष्टीने फायदा काय, तर कोरणं नाही, कागदावर काढावं तसं दगडावर काढायचं अन् हजारो प्रती. सकाळी राजा काही बोलला तर आठवड्याच्या अंकात त्याचं चित्र!

आता फ्रान्स. १८३० च्या क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला, म्हणाला छपाईला मोकळीक देतो. शार्ल फिलिपाँ नावाच्या माणसाने लगेच 'ला कारिकातूर' नावाचं साप्ताहिक काढलं, पुढे १८३२ ला 'ल शारिवारी' हे दैनिक, रोज एक नवीन चित्र. राजाची टिंगल केली म्हणून नोव्हेंबर १८३१ मधे त्याच्यावर खटला. हा कोर्टात उभा राहिला अन् कागद घेऊन चार चित्रं काढली. पहिलं सरळ राजाचं तोंड. दुसऱ्यात गाल जरा सुटलेले, तिसऱ्यात कपाळ निमुळतं, अन् चौथी चक्क नासपाती, वर अरुंद खाली फुगीर. म्हणाला, पहिलं चित्र गुन्हा असेल तर दुसरं त्याच्यासारखंच दिसतं, मग तोही गुन्हा, तिसरं दुसऱ्यासारखं, अन् मग काय नासपातीलाही शिक्षा देणार का? फ्रेंच बोलीत नासपाती म्हणजे बावळटही होतं, आपण भोपळा म्हणतो ना, तसं. युक्तिवाद जबरदस्त, शिक्षा तरी झालीच. पण पॅरिसची पोरं भिंतीभिंतीवर खडूने नासपात्या काढत सुटली, काढायला किती सोपं, दोन रेघा अन् देठ. अन् १८३४ मधे दुसरा एक निकाल विरुद्ध गेला, तो छापणं कायद्याने भाग होतं, तर 'शारिवारी'ने निकालाचा मजकूरच नासपातीच्या आकारात जुळवून छापला! आमच्यासारख्या खिळेवाल्याने हे बघितलं की टोपी काढावी लागते. ओळ छोटी, मग जरा मोठी, मग पोटाशी रुंद, परत आत घ्यायची, हे हाताने जुळवायचं म्हणजे कंपोझिटरच्या डोळ्याचं पाणी.

याच फिलिपाँकडे दोमिए होता, ओनोरे दोमिए, तेव्हा तेवीस वर्षांचा. त्याने राजाला राक्षसी खादाड केलं, खुर्चीत बसलेला, अन् गरिबांच्या टोपल्यातला पैसा फळीवरून वाहत त्याच्या तोंडात जातोय. सहा महिने तुरुंगवास. एप्रिल १८३४ मधे सैनिकांनी एका घरात घुसून लोक मारले, तेव्हा दोमिएने त्या गल्लीचं नाव देऊन चित्र केलं, त्यात विनोद एक थेंबभर नाही. रात्रीच्या सदऱ्यातला एक माणूस पलंगाशी पडलाय अन् त्याच्या अंगाखाली लहान बाळ. पोलिसांनी दुकानादुकानातून प्रती उचलल्या, दगडही जप्त केला.

अन् आता तुमच्या कामाचा मुद्दा. सप्टेंबर १८३५ मधे कायदा आला, त्यात मजकुराला आधी परवानगी लागत नव्हती पण चित्राला लागायची. म्हणजे शब्द छापा, मग बघू, चित्र मात्र आधी दाखवा. सरकारचं म्हणणं की लिहिलेलं मत असतं, चित्र म्हणजे कृती. खरं कारण सांगू? वाचता न येणाराही चित्र वाचतो. दोमिएने मग राजा सोडून वकील अन् न्यायाधीश धरले, माफ करा वकीलसाहेब, त्याचे वकील फार भारी आहेत, झग्याच्या बाह्या फडकवणारे. जन्मभरात चार हजारांच्या आसपास दगडी चित्रं केली त्याने.

प्रश्न : भुसावळहून एक तरुण : मी व्यंगचित्रं काढतो. माझं एक चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय पण खालची सही कापून टाकलीये. काय करू?

उत्तर : तुझ्या आधी विल्यम हॉगार्थ रडून गेलाय यावर. १७३२ मधे त्याने खेड्यातून लंडनला आलेल्या एका मुलीची धूळधाण सहा चित्रांत छापली, सहा चित्रांचा संच एका गिनीला, म्हणजे इंग्रजांच्या एका सोन्याच्या नाण्याला, बाराशेच्या वर संच आगाऊ नोंदणीवर गेले. अन् लगेच नकलाकारांनी स्वस्तात कॉप्या काढल्या. हा तापला, पार्लमेंटपर्यंत गेला, कायदा करवून घेतला की कोरलेल्या चित्रावर चौदा वर्षं कोरणाऱ्याचा हक्क. कायदा २५ जून १७३५ ला लागू व्हायचा होता तर याने पुढचा आठ चित्रांचा संच तयार असून दाबून धरला, त्या दिवसापर्यंत. तरी चोरांनी काय केलं, गिऱ्हाईक बनून त्याच्या घरी गेले, चित्रं डोळ्यांनी पाहून आले अन् आठवणीवरून काढून आधीच बाजारात आणली! तेव्हा स्क्रीनशॉट नव्हता, माणसं होती.

तुझ्यासाठी आपल्या देशाचा कायदा बराच बरा आहे, काढल्या क्षणापासून हक्क तुझा, नोंदणी लागतच नाही, अन् तुझ्या मागे साठ वर्षं घरच्यांचा. पण फॉरवर्ड करणाऱ्या चारशे काकांवर केस कोण करणार. सही कोपऱ्यात नको घालू, चित्राच्या आत घाल, दुकानाच्या पाटीवर, बसच्या नंबरात, काप म्हणावं आता.

प्रश्न : जळगावहून एक ताई : सगळं लंडन-पॅरिस झालं. आपल्याकडे काय?

उत्तर : ताई, बरोबर धरलंत. कलकत्त्याला कालीघाटच्या देवळाजवळ चित्रकार बसायचे, यात्रेकरूंना पैशा-दोन पैशाला देवांची चित्रं विकायचे, त्यांना पट म्हणतात. छापलेली नाहीत, हाताने, पण इतक्या झपाट्याने अन् इतकी की छापल्यासारखीच. त्यांनीच हळूच बाबू लोकांची टिंगल सुरू केली, केसाला तेल लावलेला बाबू मेंढा झालाय अन् बाई त्याला दोरीने नेतेय, किंवा कपाळाला गंध लावलेला बोका तोंडात कोळंबी घेऊन, ढोंगी बुवा. १८७३ मधे तारकेश्वरच्या महंताचं अन् एलोकेशी नावाच्या मुलीचं प्रकरण झालं, नवऱ्याने मासे कापायच्या विळीने तिला मारलं. नवरा अन् महंत दोघांवर खटला, महंताला तुरुंग. पटांमधे महंत तुरुंगात तेलाचा घाणा ओढतोय! बैलाच्या जागी. आपल्या तेलघाण्यांच्या मुलखात त्या चित्राला भाषांतर लागत नाही. पुढे याच पटांना दगडावर छापलेल्या स्वस्त रंगीत चित्रांनी खाल्लं.

छापील म्हणाल तर लंडनच्या 'पंच'ची लागण सगळीकडे झाली. मुंबईत १८५४ ला 'पारसी पंच', लखनौला १८७७ ला 'अवध पंच', उर्दूत. गगनेंद्रनाथ टागोरांनी १९१७ मधे पोटभर जेवून देशभक्ती करणाऱ्या साहेबी बंगाल्यांची शिळाछाप चित्रं काढली, ती बघाच. मराठीत शंकरराव किर्लोस्कर, शंवाकि, कारखान्याच्या वाडीतून मासिक चालवणारा अन् स्वतःच व्यंगचित्रं काढून बुवाबाजीला टोचणारा संपादक, 'टाकांच्या फेकी' हे त्यांचं नाव किती नेमकं आहे. मग दीनानाथ दलाल, शि. द. फडणीस, वसंत सरवटे, अन् १९६० ला तर 'मार्मिक' म्हणून व्यंगचित्रांचंच साप्ताहिक निघालं. यातल्या एकेकावर एकेक कॉलम होईल, आज जागा नाही.

अन् छापलेलं तेवढंच धरायचं का? आखाजीला नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या बायांना गाण्यातून जी शिव्यांची लाखोली जाते, तिच्यापुढे गिलरे काय?

प्रश्न : पारोळ्याहून एक ज्येष्ठ वाचक, जरा रागात : मोठ्या माणसांची तोंडं वाकडी काढायची याला कला म्हणता? हे विकाऊ लोक असतात.

उत्तर : दादा, विकाऊपणाचं तुमचं अर्धं बरोबर आहे, मी लपवणार नाही. गिलरेला १७९७ पासून सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळायचे, त्यानंतर त्याची धार विरोधकांवर जास्त चालली. अन् १८२० मधे जॉर्ज क्रुकशँकने १०० पौंड घेतल्याची पावती आहे, राजाचं अनैतिक अवस्थेत चित्र काढणार नाही म्हणून. पावती! म्हणजे राजवाड्याला हिशोब लागत होता. पण उलट बाजूने बघा, लाच त्यालाच देतात ज्याची भीती वाटते. गुळगुळीत तसबिरी काढणाऱ्याला गप्प बसायचे पैसे कुणी दिलेत?

प्रश्न : रावेरचे दोघं मित्र : आम्हाला असं छापून बघायचंय. तांब्याचा पत्रा कुठून आणायचा? अन् तुमच्या त्या निवडणुकीच्या चित्राचं काय झालं?

उत्तर : तांब्याच्या अन् अ‍ॅसिडच्या नादी लागू नका, आया मला शिव्या देतील. लिनोलियमचा तुकडा घ्या, चित्रांच्या सामानाच्या दुकानात मिळतो, कोरायची हत्यारं घ्या अन् कोरताना दुसरा हात कायम हत्याराच्या मागे, पुढे नाही. जे पांढरं हवं ते काढून टाकायचं. शाई रुळाने पातळ लावा, कागद ठेवा, चमच्याच्या पाठीने घासा, मशीन लागत नाही. उंचवट्यावरची शाई, म्हणजे खिळ्यांसोबत चालतं, अन् याच गुणामुळे लाकडावर कोरलेली चित्रं मजकुराच्या शेजारी बसली अन् 'पंच'सारखी साप्ताहिकं शक्य झाली, ते वर सांगायचं राहिलंच होतं. अन् एक लक्षात ठेवा, सगळं उलटं कोरायचं. आरशासारखं.

हेच मी त्या निवडणुकीच्या चित्राच्या वेळी विसरलो होतो. आमच्या तालुक्यातल्या एका खेड्यात सरपंचाची निवडणूक, ब्लॉक मेकरकडे जळगावला जायला वेळ नव्हता, गिऱ्हाईक म्हणे आज संध्याकाळी पत्रक पाहिजे. मी स्वतःच लिनोवर समोरच्या उमेदवाराचं तोंड कोरलं, गाल फुगवले, भरिताच्या वांग्यासारखं, टोपीऐवजी डोक्याला हिरवा देठ. हिरवा म्हणजे काळाच, एक रंगाचं काम. पाचशे पत्रकं. वाटून झाली, गाव लोटपोट. दुसऱ्या दिवशी तो उमेदवार स्वतः छापखान्यात आला, मी मागच्या दाराकडे बघून ठेवलं. त्याने पत्रक टेबलावर ठेवलं, बराच वेळ बघितलं अन् म्हणाला, हा मी नाहीच, माझा तीळ डाव्या गालावर आहे. बघतो तर खरंच, तीळ उजवीकडे आलेला. तो चहा पिऊन गेला अन् तेच गावभर सांगत फिरला, की तो मी नाहीच, तीळ बघा तीळ. लोक हसले, पण आता त्याच्या बाजूने. निवडून आला. अन् माझं गिऱ्हाईक, हरल्यावर, बिलाकडे बोट दाखवून म्हणे, तू तर दुसऱ्याच कुणाचं तोंड छापलंस, पैसे कसले. तो लिनोचा तुकडा अजून आहे माझ्याकडे, वजन म्हणून कागदांवर ठेवतो. त्यावर तीळ डाव्याच गालावर आहे.